साटंलोटं

माझं लग्न माझ्या एकटीचं कधी नव्हतंच. त्याच मांडवात, त्याच अक्षतांमध्ये माझ्या थोरल्या भावाचंही लग्न लागलं, आणि त्याला दिलेली मुलगी म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण सखू. आमच्याकडं याला साटंलोटं म्हणतात. तुमची लेक आम्हाला, आमची तुम्हाला. मांडव एक, जेवण एक, हुंड्याचा प्रश्न नाही. फार सोयीचा प्रकार आहे, फक्त ती सोय दोन्हीकडच्या आईबापांची असते. आम्हा दोघींचं म्हणाल तर एकीला ठेच लागली की दुसरीच्या पायातून रक्त. सखूला माझ्या आईनं शिळी भाकरी वाढली असं कुणी बाजारात सांगितलं, की इकडं माझ्या ताटात शिळंच यायचं. तिला लुगडं झालं की मला लुगडं. तिला ताप आला तेव्हा मात्र मला कुणी अंथरुणावर पडू दिलं नाही, तेवढा न्याय कमी पडला.

आमची वाडी मळवलीच्या वर, डोंगरात. स्टेशनात उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि मग नुसता चढ. वर भाताची खाचरं एवढी एवढीशी, की एका खाचरात बैल वळवायचे तर ते दुसऱ्यात उतरायचे. बाकी सगळा उतार, त्यावर नाचणी आणि वरई. पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणायचं. असल्या वाडीत मुलगी कोण देणार? दादाला सगळीकडून नकार येत होता. खाली वराळ्याला माझ्या सासरी सपाट जमीन, आंबेमोहोराची मोठाली खाचरं, दारात विहीर. पण धाकट्या मुलाचा डावा पाय लहानपणच्या तापात वाळून गेलेला, म्हणून तिथंही कुणी मुलगी देईना. दोन्ही घरांत एकेक उणं होतं, ते एकमेकांच्या पदरात टाकून मोकळे झाले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हळदीच्या दिवशी मी नवरदेवाला काठी टेकत येताना पाहिलं आणि मांडवाची मेढ धरून रडत बसले. आई जवळ आली, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “अगं, पाय काय बघतीस त्येचा? खाचरं बघ. कशी सपाट हायेत.”

तेव्हा माझं वय काय असेल ते विचारू नका. पावसाळ्यात जन्मले, यापलीकडं माझ्या जन्माची आठवण कुणी ठेवलेली नाही. चौथीपर्यंत शाळा झाली होती, पुढं बालवाडीत काम लागलं, तिथं मुलांना गिरवायला लावता लावता माझंही अक्षर सुधारलं, म्हणून आज हे लिहिता येतंय.

सासरचं घर भरलेलं होतं. थोरले दीर, जाऊबाई, त्यांची पोरं, आणि सासूबाई. सासऱ्यांना मी पाहिलंच नाही, ते आधीच गेले होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं तोंड तिखट, पण हात सढळ. दुपारभर उखळात कांडण चालायचं, कोंड्याची धूळ उन्हात तरंगत असायची, आणि संध्याकाळी भात शिजायला लागला की त्याचा वास पार विहिरीपर्यंत यायचा. डोंगरात भात सणाचा. रोजची नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पावसाळ्यात ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. इथं रोज भात. पहिल्या दिवशी मी इतका खाल्ला की आत्याबाई म्हणाल्या, “जेव बाई जेव, सगळा एका दिसात संपिवला तरी उंद्या परत शिजतोय.” मला लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.

पहाटेचं दळण माझ्याकडं असायचं. दिवसभर राबून पहाटे डोळे उघडायचे नाहीत आणि खुंटा धरल्या धरल्या मी जात्यावरच पेंगायची. एका पहाटे जातं अचानक हलकं फिरायला लागलं. डोळे उघडले तर समोर आमचे मालक. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि एवढं आयुष्य गेल्यावर आता जिभेला वळणही लागायचं नाही, म्हणून मालकच म्हणते. वाळका पाय बाजूला लांब करून ते समोर बसले होते आणि माझ्या हाताच्या वर त्यांचा हात होता. काठीवर सगळा भार पेलून त्यांचे दंड आणि पंजे असे झाले होते की जात्याचं काहीच वाटायचं नाही. बाप्यानं जात्याला हात लावायचा म्हणजे गावभर हसू. मी दबक्या आवाजात म्हटलं, “अवं, कुनी बघंल.” ते म्हणाले, “बघू दे. हात हायेत तर फिरिवतो, नाचायला तर कुनी बोलवत न्हाई.” तेव्हापासून रोज. आत्याबाई आत जाग्या असायच्या हे मला माहीत होतं. कितीतरी दिवसांनी भाकरी थापता थापता त्या एवढंच म्हणाल्या, “हौसा, आलीकडं पीठ लय बारीक पडतंय गं.” माझे कान तापले. त्या पुन्हा कधी त्यावर बोलल्या नाहीत.

प्रेम हा शब्द आमच्या दोघांत कधी आला नाही. परवा नात विचारत होती, आजी, आजोबा तुला कधी काही बोलायचे का गं, म्हणजे तसलं? मी म्हटलं, बोलायचे कशाला, दळू लागायचे. ती हसली, पण तिला कळलं असं वाटत नाही. आणि ते काही देवमाणूस नव्हते. पायावरून कुणी शब्द टाकला की रुसून गोठ्यात जाऊन बसायचे, जेवायला हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. एकदा काठी फेकली ती माझ्या कपाळाला लागली. मग दोन दिवस तेच तोंड लपवून हिंडत होते. पण मला त्या घरात, त्या माणसाजवळ राहायचं होतं. हे मला आधी कळलं नाही, ते कळायला पुढचा प्रकार घडावा लागला.

माहेरपणाचीही आमची एकच फेरी असायची. मालकांना डोंगर चढवत नसे, म्हणून सणाला दादा सखूला घेऊन खाली यायचा आणि मला घेऊन वर जायचा. परत पोचवताना तसंच उलटं. आम्ही दोघी एकमेकींच्या वहिनी आणि एकमेकींच्या नणंदा. पडवीत उभ्या उभ्या पाळी बदलणाऱ्या गँगमनसारखं बोलून घ्यायचो. ती सांगायची, “तुझ्या आयचा दमा वाढलाय, रातचं काडा देत जा.” मी सांगायची, “तुझा भाऊ परवापासनं रुसलाय, तूच समजूत काढ.” सखू खालची, सपाटीची पोर. डोक्यावर हंडा घेऊन चढताना तिचे गुडघे भरून यायचे, असं ती म्हणायची, पण हसत म्हणायची. मग एका वर्षी कापणी उरकल्यावर दादा लोणावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर कामाला गेला. आधी बाजाराच्या दिवशी घरी यायचा, पुढं तेही बंद झालं. संक्रांतीला कुणी न्यायला आलं नाही, शिमग्याला नाही. सखू वर आणि मी खाली, अशा आपापल्या जागी अडकून पडलो.

लावणी ऐन भरात होती. मी गुडघाभर चिखलात, मालक बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधून माझ्याकडं फेकत होते. तेवढ्यात बांधावरून सखू येताना दिसली. अंगावर इरलं नाही, डोकं भिजून चिप्प, काखेत गाठोडं. ती घराकडं गेलीच नाही. गाठोडं भावाजवळ ठेवलं, कासोटा खोचला आणि चिखलात उतरून माझ्या शेजारी रोपं लावायला लागली. ओळ संपली. मग ती कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि म्हणाली, “वैनी, मी परत जायाची न्हाई. तुझा भाऊ घरात न्हाई, आयला उठवत न्हाई, आबा म्हातारा झाला. मी पानी आनू का चिखलनी करू? बाईमानूस मी, औत धरलं तर लोकं हासत्यात, न्हाई धरलं तर खायाला न्हाई.” तिचे तळवे पाहिले. माझ्या माहेरचं काम माझ्याऐवजी करून करून ते फुटून गेले होते. मला तिला दोष देता येईना.

घरी गेल्यावर थोरल्या दिरांनी रीत सांगितली. “तितली हितं आली, तर हितली तितं. हौसाचं कापडं बांधा.” मालक उंबऱ्याशी बसून होते. मला धडकी भरली. मी आत्याबाईंना म्हटलं, आधी मला सखूला घेऊन लोणावळ्याला जाऊ द्या, दादाचा कान धरून विचारते. त्या म्हणाल्या, “जा. पन दिवं लागायच्या आत घरी ये. न्हाईतर तूबी गेलीस असं धरीन.”

तळेगावहून पॅसेंजरनं आम्ही लोणावळ्याला गेलो. दुकान पुढून लखलखीत. रेनकोटातले मुंबईवाले पुडे बांधून घेत होते. मागं बोळातून गेलं की भट्टी. उकळत्या गुळाचा वास इतका की डोळे चुरचुरले. दादा उघड्या अंगानं कढईत उलथणं फिरवत होता. हातांवर जागोजागी चटके, पण अंगानं भरला होता. त्यानं सखूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलंच नाही. ताटातल्या गरम चिक्कीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. ती तो या तळहातावरून त्या तळहातावर नाचवायला लागली आणि हसली. दोघं भांडतील अशी तयारी करून मी गेले होते, आणि ही चिक्की फुंकत उभी.

“हिला सोडून दिली व्हय रे?” मी म्हटलं.

“मी तिला नगं कवा म्हनलं?” दादा म्हणाला. “पन वाडीत पाय ठिवायचा न्हाई मी. हितं पाठीवर पाऊस न्हाई, दोन येळा गरम खायाला मिळतंय. खोली बघतो. शेठ बायामानसांना शेंगा सोलायचं काम देतो. ऱ्हाशील का गं?” सखूनं मान हलवली.

“आन् आबा-आई?”

तो कढईकडं वळला. “तू हायेस की,” म्हणाला.

सखू तिथंच राहिली. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून खुशीत होते. दोघं एकत्र आले, रीतही मोडली नाही, आता मला कोण हलवतंय! दादाच्या त्या तीन शब्दांचा अर्थ मला वराळ्याच्या पडवीत पाय ठेवल्यावर कळला. तिथं माझे वडील, आबा, बसले होते. सून निघून गेली म्हणून तिच्या मागोमाग डोंगर उतरून आले होते. ओलं घोंगडं खांद्यावरच होतं. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. आबांनी हातातली बशी खाली ठेवली.

“बेस झालं,” ते म्हणाले. “मंग मी माझी लेक घेऊन जातो.”

आबा रागावले नव्हते, नुसते दमले होते. दमलेल्या माणसाशी भांडता येत नाही. “तुमी सून दिली व्हती ती घरात राबायला,” ते आत्याबाईंना म्हणाले, “लोनावळ्यात शेंगा सोलायला न्हाई. हिची आय झऱ्यावरनं हंडा आनताना वाटंत बसून बसून येती. रोपं पिवळी पडायला लागली, लावणी तशीच ऱ्हायलीया. माझी सून गेली, माझी लेक द्या. फिट्टंफाट.”

“आन् माझ्या नामाचं काय?” आत्याबाई म्हणाल्या.

“त्येला दुसरी बघा.”

“त्येला कोन देतंय!”

त्यांच्या तोंडून निघून गेलं. मालक समोरच बसले होते, गुडघ्यात काथ्या धरून चऱ्हाट वळत. सगळ्यांचे डोळे त्या पायाकडं गेले. त्या घटकेला मला सगळ्यांचा राग आला, आबांचा, आत्याबाईंचा, दादाचा. डोळ्यांपुढं चढावर धापा टाकत बसलेली आई दिसत होती, आणि समोर हा माणूस. जाते म्हणवत नव्हतं आणि जात नाही असंही म्हणवत नव्हतं. इतकी वर्षं झाली, पण तशी कोंडी पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही.

मालकांनी चऱ्हाट बाजूला ठेवलं. “आबा, तुमाला किती हात पायजेत?”

“मंजी?”

“हौसाचं दोन ना? दोन कशाला, चार घ्या. मीबी येतो.”

आबा पुन्हा पायाकडं बघायला लागले. मालक म्हणाले, “मी हातांचं बोललो. पायांचं न्हाई.”

आत्याबाईंचा आवाज चढला. “नामा, घरजावई व्हनार तू? घरजावयाला गावचं कुत्रंबी विचारत न्हाई.”

“कुत्रं कशाला पायजे, आये? तू हायेस ना. तू विचारत जा मधूनमधून.”

त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. थोड्या वेळानं मी आत गेले तर त्या फडक्यात आंबेमोहोर तांदूळ बांधत होत्या, भरपूर, गाठ बसेना इतका. रडत होत्या की काय ते मी पाहिलं नाही. त्यांची बाजू मला स्वतःची सून आल्यावर कळली.

आता वराळ्याला गेलं की ती खाचरं सापडत नाहीत. त्यांच्यावर इमारती झाल्यात, खाली मोटारी उभ्या असतात. आमचा वाटा दीरच कसत राहिले, पुढं त्यांच्याच पोरांकडं गेला. माझी मुलं हळहळतात. म्हणतात, आई, तेव्हा आबांना एकटं परत धाडलं असतंत तर आज आपण कुठं असतो! मी म्हणते, तुमची आजी झऱ्याच्या वाटेवर मेली असती, आणि तुमचा बाप पुन्हा मला तोंड दाखवायला लाजला असता. मग तुम्ही कुठून आला असता?

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मळवलीला उतरलो तेव्हा भुरभुर चालू होती. आबा पुढं, डोक्यावर आमची पत्र्याची पेटी. मालक ती वाट पहिल्यांदाच चढत होते. लग्नसुद्धा खालीच झालं होतं. ओढ्यापर्यंत ठीक गेलं. पुढं ते दोन पावलं चढायचे, थांबायचे, काठी रोवायचे. मी मागं, हात आखडून चालत होते. मदत केलेली त्यांना खपत नसे. अर्ध्या चढाला एक मोठा तिरका खडक आहे, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. तिथं काठी सटकली. ते तोंडावर पडले, नडगी सोलली. उठले नाहीत. खालच्या बाजूला तोंड करून बसून राहिले.

“हौसे, तू जा,” ते म्हणाले. “मी जातो माघारी. पडवीत बसून बोलाया सोपं व्हतं.”

आबा पेटी ठेवून खाली आले. “चला, मी घेतो पाठीवर.”

“सासऱ्याच्या पाठीवर बसून सासुरवाडीला जाऊ व्हय? नगं आबा.” आवाज बदलला होता. पाऊस होता म्हणून बरं, तोंड ओलंच दिसत होतं.

ते खाली गेले तर संपलंच, हे मला स्वच्छ कळलं. ते पुन्हा मला न्यायला येणार नव्हते, आणि मी आईला टाकून उतरणार नव्हते. माझी भीती तोंडातून रागासारखी बाहेर पडली. मी त्यांच्या पुढं जाऊन पाठ करून खाली बसले. “माझ्या बापाला चार हात कबूल केल्यात ना? मंग त्यातलं दोन माझ्या गळ्यात टाका, आन् गुमान बसा.”

“बायकूच्या पाठीवर?”

“मंग काय, ह्या खडकावर घर बांधून ऱ्हानार हायसा?”

मग हात गळ्यात आले. छाती-खांद्यानं माणूस जड, आणि डावा पाय माझ्या कमरेशी नुसता लोंबत होता, त्याला वजनच नव्हतं. खडक मी रांगतच चढले म्हटलं तरी चालेल. पुढं त्यांना उतरवायला थांबले असते तर पुन्हा उचलणं जमलं नसतं, म्हणून थेट वाडीपर्यंत नेलं. आबा मागून पेटी घेऊन येत होते. पहिल्या खाचरात बायका लावणी करत होत्या. त्या वाकलेल्या उठून उभ्या राहिल्या आणि जी हसायला लागली एकेक! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात माझ्या गळ्यातले हात सुटले. पाठीवरून त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, “रामराम मंडळी! जावई आलाय.” बायका आणखीच हसल्या, पण त्यातल्या एका म्हातारीनं पुढं येऊन रोपाच्या हातानंच त्यांची दृष्ट काढली.

पुढं एका कीर्तनकारबुवांनी ही गोष्ट कुठून तरी ऐकली आणि वाडीतल्या सप्ताहात मला उभं करून पतिव्रता म्हणाले. मी म्हटलं, महाराज, घसरत होतं म्हणून उचललं. लोक हसले, बुवा नाराज झाले. आणि मग आम्ही सुखानं नांदलो, असं लिहायला मला जड जातं. राबलो. ते बांधावर बसल्या बसल्या सरकत लावणी करायचे, खाचरात जाळायच्या राबासाठी फांद्या खांडायचे, इरली विणायचे, पहाटे जात्यावर बसायचे. आई त्यांच्या हातचं दळण खाऊन आणखी काही वर्षं जगली. सखू लोणावळ्यात जाड झाली, तुटक्या चिक्कीची पिशवी पाठवायची. आमच्याकडं पावसानं भात आडवा केला की पुन्हा नाचणी, आणि कधी तीही नाही. आता पोरंपोरी पाठीवर पिशव्या घेऊन डोंगर बघायला येतात, माझ्या ओट्यावर पिठलं-भाकरी खातात आणि म्हणतात, आजी, किती छान जागी राहता तुम्ही. मी हो म्हणते. पाय भरून आलेले असतात, वाद कोण घालणार.

मालक एकदा वर आले ते फारसे खाली गेलेच नाहीत. ते गेले तेही पावसाळ्यातच. मुलं पुण्याहून आली. आमचं मसणवट खाली ओढ्याच्या काठी आहे, आणि तिथं बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी उताराच्या तोंडाशी उभी राहिले. चौघांनी खांदा दिला होता. त्या तिरक्या खडकाशी मुलं थांबली, खांदा बदलताना धाकट्याचा पाय सरकला आणि तिरडी एका अंगाला झुकली. मी वरून ओरडले, “हळू रं! त्यास्नी तितं भ्या वाटतं.”